आबा ‘आहे’ म्हणेपर्यंत

अंबड

चि. सोमेश्वर यास तातेरावमामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असंल, डबा वेळेवर खात असशील आणि तुमच्या हापिसातली रात्रीचा दिवस करायची रीत आता बंद झाली असंल, अशी आशा करतो. इकडं आम्ही मजेत. तुझी मामी गुडघ्याला तेल चोळून घेऊन राह्यली (माझ्याकडून). पाकीट पाहून दचकू नको, कोणी गेलेलं न्हाई. मोबाइलवर लिहिलं की सूनबाई शालू वाचते, आणि हे तिनं वाचण्याजोगं न्हाई.

आपल्या साड्यांचं मोबाइलवरचं दुकान तूच उभं करून दिलंस, अन् सूनबाई ते जीव लावून चालवते. एका हातानं लेकराला झोका देते, दुसऱ्या हातानं साडीचा फोटो काढते. पण गिऱ्हाइकानं ‘टोपलीत टाका’ हे बटण दाबलं की चाक फिरायला लागतं ते फिरतच राहतं, आणि गिऱ्हाईक कंटाळून निघून जातं. पोरीनं काय करायचं बाकी ठेवलं? इंटरनेटची तार बदलली. फोटो बारीक केले (इतके, की पैठणी हाय का पंचा, कळंना). तारवाल्याला फोनवर असं झापलं, की तो बिचारा भर उन्हात आपल्या गच्चीवर चढून बसला. वसंता तर नवरा असून म्हणतो, अंबडची हवाच धीमी हाय.

आता तुला अन् मलाच ठाऊक, की तार निर्दोष हाय. शालू बाळंतपणाला माहेरी गेल्ती तेव्हा एकच हिरवी साडी इकडं दुकानातून शेजारच्या साळूबाईनं नेली आणि तिकडं मोबाइलवर परतूरच्या एका बाईनं घेतली. केवढं भांडण झाल्तं! मंग मीच तुझ्या मागं लागलो, की माझ्या डोळ्यांनी बघितल्याबिगर एकही साडी टोपलीत जायची न्हाई. तू तशी सोय केलीस. गिऱ्हाइकानं बटण दाबलं की माझ्या फोनवर घंटी वाजते, मी ‘आहे’ दाबलं की साडी टोपलीत पडते. पण आपल्या दुकानात घडी न मोडता साडी कधी दिलीय का? मी शिडी लावतो, साडी काढतो, डाग बघतो, पदर उघडून दाखवतो (कोणाला, ते विचारू नको), परत बराबर घडी घालतो आणि मंग चष्मा शोधतो. तवर तिकडं नवरीच्या अंगाला हळद लागलेली असते.

परवा तर कहर झाला. मी जांबला समर्थांच्या दर्शनाला गेल्तो, फोन गप्प करून खिशात. नेमका त्याच दिवशी आष्टीच्या एका घरानं लग्नाचा सगळा बस्ता आपल्याकडून मोबाइलवर काढायचं ठरवलं. नवरीची मावशी बटण दाबून राह्यली, चाक फिरून राह्यलं आणि मी प्रसादाच्या रांगेत. शेवटी त्यांनी जालन्यात बस्ता बांधला. घरी आलो तर शालू न जेवता बसलेली. वसंताला म्हणून राह्यली, की हे आपल्याच्यानं होत न्हाई, महिनाअखेर बंद करून टाकते. सोमेश्वर, पोरीची काडीची चूक न्हाई आणि रडून ती राह्यली.

तर जल्दी कर. माझी ‘आहे’ची अट काढून टाक. दुकानात साडी विकली की लगेच मोबाइलवरून उतरवायचं काम मी वसंताला लावतो. शालूला मात्र काही सांगू नको. तार सुधारली म्हण.

तुझा मामा,
तातेराव

ता. क. — अट काढ, पण घंटी काढू नको. गादीवर आता वसंता बसतो, गिऱ्हाईकही त्यालाच विचारतं. दिवसभरात मला हाक मारणारी तेवढी घंटीच उरलीय. ती वाजली की उठावंसं वाटतं. गिऱ्हाइकाला थांबवू नको, ती नुसती वाजू दे.

ता. क. दुसरा — पाकिटासाठी डिंक मागितला तर शालूनं विचारलं, पत्र कोणाला. मला खोटं बोलता येत न्हाई, सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही माझ्याशी बिलकुल बोलायची न्हाई. पण तिनं डिंकाची बाटली आणून दिली. मंग म्हणली, “आबा, घंटी राहू द्या. फक्त पदर उघडला की मला दाखवत जा, मी फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवते.” तेव्हा घंटीचा आवाज जरा मोठा कर. मला हल्ली कमी ऐकू येतं.