आरशातले बाबा

प्रिय ताई,

पत्र बघून म्हणशील, याचं डोकं फिरलं, फोन खिशात असताना कागद काळे करत बसलाय. पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि आई शेजारीच पडलेली असते, म्हणून लिहितोय. अक्षराला हसू नकोस. आठवी सोडल्यापासून पेन धरलं ते फक्त सहीपुरतं.

बाबांच्या पिच्चरची डिस्क कधी पाठवतोस असं तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी विषय उडवला. डॉक्टरांनी तुला जिन्यात बाजूला घेऊन आईचे थोडेच दिवस उरलेत म्हणून सांगितलं, ते मी विसरलेलो नाही. आई एवढं एकच मागतेय, बाबांना एकदा हलताना बघायचंय. भिंतीवरच्या फोटोत ते कसे, फोटोवाल्याने दम दिल्यासारखे ताठ बसलेत. ते आपले बाबाच वाटत नाहीत.

तुला आठवतं ना, त्या पिच्चरची टेप लावली की आई भाजी निवडत बसायची, वर बघायची नाही. कुलपं दुरुस्त करणारा त्यातला हिरो दुसऱ्याच्या बायकोपायी तिजोरी फोडतो, फसतो, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तो न्हाव्याकडे दाढीला बसला की मात्र हातातलं सगळं खाली. आरशात मागे बाबा, बनियनवर, हातात शूटिंगचा दिवा, कॅमेरा आपल्याकडे वळलाय हे कळून खाली वाकायला निघालेले. दीड सेकंद. आई म्हणायची, बघा, चोर सापडला. आणि बाबा म्हणायचे, अगं, अख्ख्या पिच्चरमध्ये खरी घाबरलेली माणसं दोनच, मी आणि पैसे घालणारा. चार दिवसांत उतरला तो पिच्चर. पुढे टेपला बुरशी लागली आणि बाबाही गेले.

इथे मी वर्षभर टिकलोय, याचं तुला नवल वाटतं. गॅरेज सोडलं, कुरियर सोडलं, भिंगरीच आहे मी. पण हे काम जमलं. जुन्या पिच्चरची रिळं कॉम्प्युटरवर चढवतात आणि आम्ही एकेका फ्रेमवरची धूळ, चरे, डाग पुसतो. आवाज नसतो, गोष्ट नसते. कुणाच्या वाट्याला दार येतं, कुणाच्या नुसता बूट. साहेब मला घार म्हणतात, माझ्या नजरेतून डाग सुटत नाही म्हणून. बाबांचा पिच्चर इथे आला तेव्हा मी सगळ्यांना चहा पाजला. आता त्याला जाणकार लोक डोक्यावर घेतायत. डिस्कसोबत एक पुस्तिका आहे, तिच्यात निओ-न्वार की काय ते लिहिलंय. आपण त्याला अंधाराचा पिच्चर म्हणायचो. त्यातल्या सावल्यांवर दोन पानं भरलीत. दिवे धरणाऱ्याचं नाव कुठेच नाही, ते तेव्हाही नव्हतं.

तयार डिस्क हातात आली तशी जेवणाच्या सुट्टीत लावली. काय चित्र आहे, ताई. न्हाव्याच्या ब्रशवरचा फेससुद्धा दिसतो. दाढीचा सीन आला. आरसा आला. आरशात मागे नुसती भिंत. चारदा मागे नेऊन बघितलं. मग साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, अरे, कामगार दिसत होता आरशात, चूक होती ती, डिस्क काढणाऱ्या कंपनीने पुसायलाच सांगितलं होतं. मी म्हटलं, ते माझे वडील. त्यांनी मला खुर्ची दिली. पण रिळं परत गेलीत, डिस्क छापून झाल्यात, आपल्या हातात काही नाही म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. मी त्या कंपनीलाही दोनदा लिहिलं. उत्तर नाही.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, तू आतल्या खोलीत गेली असतीस. जे सांगता आलं नसतं ते आता लिहितो. घरी गेल्यावर कामाची वही काढून बघितली. त्या सीनच्या फ्रेमचे नंबर माझ्याच वाट्याचे होते. साहेबांनी कोपऱ्यात लाल गोल करून दिला होता, मी तेवढाच कोपरा मोठा करून घेतला. इतक्या जवळून चेहरा चेहरा राहत नाही गं, राखाडी ठिपके होतात, आणि पिच्चरचे विटलेले रंग तर पुसून झाल्यावरच उजळतात. शेजारची भिंत उचलून त्यावर बसवत गेलो. छत्तीस फ्रेम. जेवायच्या आत संपवल्या, साहेबांनी पाठ थोपटली. बाबांना मी पुसलं, ताई, दुसऱ्या कुणी नाही. डिस्क पाकिटात आहे. लावायची की फुटली म्हणून सांगायचं, हे मला ठरवता येत नाही. तू मोठी आहेस, तू ठरव. लावलीस तर आईच्या तोंडाकडे तू बघ, आणि मला काही कळवू नकोस.

तुझाच,
धाकटा