खोडलेल्या ओळीवरच्या दोन शाया

प्रिय अक्का,

तू जाऊन तीन महिने झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे तुझ्याबद्दल भरभरून बोलले, मी तेवढी गप्प बसले. आज लिहितेय, कारण शनिवारी मी ती ओळ वाचली. हो, तीच! बाबांनी तुला दिलेल्या शब्दकोशाच्या पहिल्या पानावरची.

तू वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आलीस तेव्हा बाबांनी तो आणला. तू नववीत, मी पाचवीत. वर त्यांचं ते रेखीव अक्षर, 'चि. सुजाताला, पहिल्या नंबराबद्दल', आणि खाली निळ्या पेनानं गिरवून गिरवून बुजवलेली एक ओळ. मी विचारलं तर म्हणालीस, "ते माझं आन् बाबांचं हाय. तुला कशाला पायजे?"

किती जळले गं मी त्या एका वाक्यावर! नवा फ्रॉक तुला आणि उसवून घट्ट केलेला मला, हे मी सोसत होते. पण बाबांशी गुपित? तू शाळेत गेलीस की मी ते पान खिडकीशी धरायची. मागून बघायची. काही दिसायचं नाही. 'माझी लाडकी' लिहिलं असेल, 'माझी हुशार लेक' लिहिलं असेल, असं काहीबाही मनात यायचं आणि जेवण जायचं नाही.

पुढं मी कोर्टाचे कागद तपासायचं काम धरलं. सही खरी की खोटी, आकडा मागाहून घातलाय का. लोक विचारतात, हेच का निवडलं? मी म्हणते, रसायनशास्त्राची आवड. अर्धं खोटं असतं ते.

गेल्या आठवड्यात दाजींनी तुझं कपाट आवरलं आणि शब्दकोश माझ्या हातात ठेवला. "तुमच्या बहिणीची वस्तू, तुमच्याकडंच असू द्या," म्हणाले. मी नको म्हणायला हवं होतं का?

शनिवारी ऑफिसात कुणी नव्हतं. पान कॅमेऱ्याखाली ठेवलं आणि अवरक्त प्रकाश सोडला, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. त्या प्रकाशात तुझ्या पेनाचा निळा रंग पार नाहीसा झाला. बाबा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे, घरीही तीच काळी शाई वापरायचे. तिच्यात काजळी असते, ती त्या प्रकाशातही काळीच राहते. पडद्यावर त्यांचं अक्षर लख्ख उभं राहिलं:

'तुझं झालं की वैशूला दे. तिला याचा जास्त उपयोग होईल.'

आधी काय वाटलं सांगू? आनंद! मी जिंकले असं वाटलं. वारलेल्या बहिणीवर जिंकले! लाज वाटली, पण ती नंतर.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण सवयीनं मी प्रकाश बदलत गेले, तेव्हा खोडलेल्या जागी दोन वेगळे निळे दिसले. वरच्या थराचा टाचणीच्या टोकाएवढा कण काढून द्रावकात टाकला. बॉलपेनची शाई त्यात लगेच सुटते, ही सुटली नाही. जेल पेन! तू नववीत होतीस तेव्हा आपल्याकडं जेल पेन होतं कुठं? ती पेनं बाजारात आली तेव्हा तू मोडनिंबच्या शाळेत शिकवत होतीस, पोरीची आई झाली होतीस. म्हणजे तू मोठेपणी पुन्हा ते पान उघडलंस आणि पुन्हा खोडलंस. कधी? मी या कामाला लागले तेव्हा? शाईवरून ते कळत नाही, अक्का.

रविवारी शुक्रवार पेठेत आईकडं गेले. तिला सगळं सांगितलं.

"सुजी लई रडली त्या दिवशी," आई म्हणाली. "पैली आली पोर, आन् तिच्या बक्षिसात बी तुझंच नाव."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगू? तुला तर रोज म्हणायचे, अक्कासारखी हो की जरा."

म्हणजे तुझ्यापुढं मी, आणि माझ्यापुढं तू! बाबांना यात काय मिळत होतं?

तरी राग जात नाही बघ. ती ओळ माझी होती. बाबांनी माझ्याबद्दल लिहिलेलं एवढंच चांगलं वाक्य, आणि ते इतकी वर्षं फक्त तुला माहीत होतं! त्याचाही मला हेवा वाटतो. एकदा भांडून तरी सांगायचंस. दोघींनी मिळून बाबांवर चिडलो असतो.

पुढच्या आठवड्यात तुझ्या प्रज्ञाचा बारावीचा निकाल आहे. माझ्या रोहनचाही. मी पेढे घेऊन मोडनिंबला जाईन आणि त्याचे मार्क तिच्यापुढं काढणार नाही, तिनं विचारले तरी. तिला जास्त पडले तर माझा जळफळाट होईलच, मला ओळखतेस तू. होऊ दे. घरी येऊन रोहनला त्यातलं अक्षरही कळू देणार नाही. एवढा शब्द देते.

तुझी,
वैशू