वजीर आधी, बाकी मागून

३ जानेवारी
चिन्मयीचं लग्न ठरलं. मुलगा खाप्याचा, आयुष. साक्षगंधाच्या अंगठ्या कुठे घालायच्या, यावर मात्र अडलं. व्याही चंपतराव म्हणतात खाप्यात, मी म्हणतो बेशात, आमच्याकडे. लेक जाणारच आहे. निदान साक्षगंध तरी आमच्या अंगणात व्हावं, असं मला मनापासून वाटतं. शेवटी चंपतराव म्हणाले, बुद्धिबळाचा एक डाव होऊन जाऊ द्या ना जी, जिंकेल त्याच्या घरी. लगेच हो म्हटलं. मला बुद्धिबळ येत नाही, हा मुद्दा गौण आहे.

५ जानेवारी
यूट्यूबवर चार चालींत मात शिकलो. वजीर सुसाट बाहेर, उंट मदतीला, खेळ खल्लास. लोक जाड पुस्तकं का वाचतात कोण जाणे. ऑफिसात प्रीतमला हरवलं. तो फोनवर बोलत होता, पण मात ती मात. मंडपवाल्याला बेशाचा पत्ता दिला.

९ जानेवारी
चिन्मयी म्हणते, बाबा, पहिले घोडे-उंट बाहेर काढा, राजाचा किल्लेकोट करा, वजीर मग. एकटा वजीर गेला की सगळे त्याच्याच मागे लागतात. हिला काय सांगावं? ज्याच्यात दम आहे त्याने घरी कशाला बसायचं? तरी तिच्या समाधानासाठी उद्यापासून घोड्यांचा सराव.

१० जानेवारी
घोडा अडीच घरं जातो. फार कटकट. उद्यापासून.

१७ जानेवारी
डाव झाला. दुसऱ्याच चालीत माझा वजीर मैदानात. चंपतरावांनी घोडा काढून त्याला हुसकावलं, मग उंट काढून पुन्हा हुसकावलं. वजीर पळतोय, त्यांची फौज बाहेर येतेय. म्हणजे त्यांचा एकेक मोहरा मीच बाहेर काढायला लावला. पूर्ण डाव माझ्या तालावर. मग वजीर कोपऱ्यात सापडला आणि पाठोपाठ राजा. माझे घोडे, उंट, हत्ती मात्र अगदी ताजेतवाने, एकानेही घर सोडलेलं नाही.
चंपतराव म्हणाले, मले वाटलं तुम्ही मुद्दामच हरून राहिले. मी नाही म्हटलं नाही.
संध्याकाळी अंगण झाडलं. फार वाईट वाटलं.

३१ जानेवारी, खापा
आज साक्षगंध. तयारीवर आपली नजर हवी म्हणून पहाटे एकटाच पुढे आलो. मंडळी मागून येतील.
चंपतरावांनी पोहे दिले. खुर्ची जरा मागे सरकवली, तर विहीणबाई चिवडा घेऊन आल्या. पुन्हा सरकवली, तर त्यांचे काका जिलबी घेऊन. दर वेळी घरातून नवा नातेवाईक बाहेर येतो. एक घास जी, आमच्यासाठी. आता पाठ भिंतीला टेकली आहे.
घरी फोन केला. चिन्मयी म्हणाली, आई साडी नेसून राहिली, मामा आंघोळीला गेले, गाडीवाला यायचाच आहे. आम्ही बेशातच आहो, बाबा. तुम्ही काहून एकटेच गेले?
समोरून आत्याबाई लाडवांचं ताट घेऊन निघाल्या आहेत.