बुटक्या बाकांचा वर्ग

प्रिय सूनबाई,

तुझ्या भावाच्या पत्त्यावर लिहितेय. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुला माहीत आहे. समोरचं माणूस गप्प झालं की मी हवापाण्यावर घसरते. छकुलीच्या कपाळावरचे टाके काढले का? वण राहील, पण केस पुढे घेतले की झाकेल. मी स्वतःची अशी समजूत घालते, आणि मग ती स्कूटर डोळ्यांसमोर येते, आणि ती चालवणारा माझा मुलगा.

तू गेल्यावर मी दवाखान्यात छकुलीचा राहिलेला बूट आणायला गेले. नर्सबाईंनी बूट हातात दिला आणि विचारलं, घरात पिणारं कोण? मी म्हटलं, आधी नवरा, आता मुलगा. दुकानात काय हवं ते सांगावं तसं सांगून टाकलं. त्यांनी एका शाळेचा पत्ता दिला. दर बुधवारी शाळा सुटल्यावर दारू सोडू पाहणारे तिथे जमतात, आणि शेजारच्या वर्गात त्यांच्या घरची माणसं.

पहिल्या बुधवारी वॉचमनने फाटकातच अडवलं. पालकसभा समजून त्याने विचारलं, मूल कितवीत आहे. मी म्हटलं, मूल चाळिशीला टेकलंय. तो हसला नाही, नुसता हाताने जिना दाखवला. बऱ्याच जणांना दाखवत असणार.

पहिलीचे वर्ग आहेत. बाकं इतकी बुटकी की थोराड पुरुषांचे गुडघे हनुवटीला लागतात. मी कधी शाळेत गेले नाही. शिवणाची बटणं ज्या कागदांत गुंडाळून यायची, त्यांवरून वाचायला शिकले. बाकावर बसायची हौस या वयात अशी फिटली. तिथे कुणी सल्ला देत नाही. आपलं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं. एक बाई म्हणाली, जिन्यातल्या पावलांवरून तिला कळतं आज किती झालीय ते. सगळ्या जणींच्या माना हलल्या. मला आजवर वाटायचं, ही विद्या माझ्या एकटीचीच.

भिंतीपलीकडून मधूनच हसण्याचा आवाज यायचा. तिथे एक सलूनवाले काका असतात. हात थरथरून गिऱ्हाइकाचा कान कापला गेला आणि दुकान गेलं. नव्या माणसाला ते म्हणतात, मी एकाचा कान घालवलाय, तू तुझे दोन्ही घेऊन आलायस, तर वापर.

मी माझ्या पोराला एकदाही चल म्हटलं नाही. एका बुधवारी तोच माझ्यामागून चालत आला. म्हणे, तुला संध्याकाळी रस्ता ओलांडता येत नाही. जन्मभर एकटीच ओलांडत आलेय, पण बोलले नाही. तो जिन्यात बसून राहिला. पुढच्या बुधवारीही जिन्यातच. मग एकदा आमची सभा चालू असताना भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, आणि मला ते कळायला नकोही होते.

आता तो नेमाने जातो. पीत नाही. किती दिवस झाले ते तो मोजतो, मी मोजणं सोडलंय. कारखान्यात लेथला हात लावू देत नाहीत, पॅकिंगला बसवलंय, तरी जातो. मोरीतला नळ दुरुस्त केला. छकुलीच्या बुटाला पॉलिश केलं, त्या एकाच बुटाला.

इथवर वाचून तुला वाटलं असेल, म्हातारी परत बोलवायला लागली.

तुझे सासरेही अशा सभेला जायचे, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तेव्हा ती एका गोदामात भरायची, पुढे बंद पडली. हा लहान होता, मी याला घेऊन माझ्या भावाकडे गेले होते. माझ्या सासूबाई स्वतः न्यायला आल्या. म्हणाल्या, जातोय गं तो आता, आणखी काय हवं तुला. आणि खरंच जात होते. हा माझी पिशवी ओढत पुढे धावत होता. दारात तुझे सासरे, दाढी केलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. मी घरात पाऊल टाकलं आणि त्यांचं काम झालं. पुढच्या सभेला त्यांचा पाय दुखला, त्याच्या पुढच्या सभेला पाहुणे आले. नंतर कारण सांगायचीही गरज उरली नाही. शेवटी शेवटी मी एकटी त्यांना कुशीवर वळवायची, इतकंच अंग उरलं होतं. सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांना पोरगा वाचवायचा होता.

परवा जेवताना हा म्हणाला, "आई, तू लिही तिला. मी जातोय ते सांग. तुझं ऐकेल ती." सभेतून बाहेर आल्यावर दर वेळी त्याचा पहिला प्रश्न तुझ्याबद्दलच असतो, आणि मला भीती वाटते ती या प्रश्नाचीच. तो जातोय, हे खरं आहे, म्हणून ते लिहिलं. आता माझं ऐक. येऊ नकोस. एवढ्यात नको. तो रडत दारात उभा राहिला तरी नको, मी आजारी असल्याचा निरोप आला तरी नको. तू येणार नाहीस हे माहीत असूनही तो त्या बाकावर जाऊन बसत राहिला, तर मग बघू. बूट वेगळा पाठवतेय, म्हणजे तो न्यायला यायचं निमित्त नको. छकुलीवाचून मला घर खायला उठतं. उद्या मीच फोनवर ये म्हणाले, तर हे पत्र काढून वाच. पेटीत टाकण्याआधी मी ते त्याला वाचून दाखवणार आहे. या घरात एकमेकांच्या पाठीमागे फार झालं. तेव्हा पत्र तुझ्या हातात पडलं, म्हणजे त्याने ते ऐकलंय, एवढं समज.

तुझीच, अजून म्हणत असशील तर,
आई