डोळे तेवढे राहिले

आण्णा, रविवारी सांगलीत एका मंगल कार्यालयात मी बाहुला रंगवायच्या स्पर्धेला बसले होते. हसू नका. खेळणी जमवणाऱ्यांचा मेळावा होता तो. माझ्या वयाची माणसं काचेच्या पेट्यांतून पत्र्याच्या मोटारी आणि परदेशी योद्ध्यांचे बाहुले घेऊन आलेली, आणि कुणी हात लावला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. तुम्ही असता तर म्हणाला असता, "ह्यांच्या घरात खेळाय पोरं न्हाईत का?"

मला कुठली आलीय खेळण्यांची हौस! मला काम हवं होतं. कुपवाडच्या कारखान्यात मी इतकी वर्षं प्लास्टिकच्या बाहुल्यांचे गाल, ओठ, परकर रंगवले. डोळ्यांचे तयार स्टिकर यायचे, ते दुसऱ्या टेबलावर चिकटवायचे. दिवाळीनंतर तिथे मशीन आलं आणि आम्हा बायकांना "गरज लागली की बोलवू" म्हणाले. अशी गरज कुणाला लागत नसते. मग लेकीनं मोबाईलवर ही स्पर्धा शोधली. पहिला येईल त्याला घरबसल्या असे बाहुले रंगवायचं कायमचं काम मिळणार होतं. लेक म्हणाली, "आई, तुझ्यासारखा हात हाय का कुणाचा? तू नुसती जा." मीही फुगले. लोणंदच्या मूर्तिकाराची, तुमची लेक मी, घाबरू कशाला?

प्रत्येकाच्या पुढ्यात असाच एक वीतभर, न रंगवलेला पांढरा योद्धा ठेवला आणि तासाभराची वेळ दिली. मी पिशवीतून तुमचा बारीक ब्रश काढून शेजारी ठेवला. माझ्या लग्नात, पाठवणीच्या गडबडीत, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात कोंबलात तो. बोलला काहीच नाहीत. तुमची आठवण म्हणून मी तो डब्यात जपून ठेवला, कधी रंगात बुडवला नाही.

रंगाचा वास आला आणि मी थेट आपल्या पत्र्याच्या शेडात. दारात मूर्ती वाळताहेत. तुम्ही माझ्या डावीकडे पोत्यावर बसलाय. मी गणपतीचं अंग रंगवते, पितांबर, शेला, दागिने करते आणि झालं की पाट तुमच्याकडे सरकवते. तुम्ही मान वर न करता ओढून घेता, श्वास धरता आणि डोळे आखता. डोळे फक्त तुमचेच. एकदा तुम्ही चहाला उठलात आणि मी तुमचा ब्रश उचलला, तर दारातूनच ओरडलात, "ठिव खाली! रंग चुकला तर पुसता येतो. नजर चुकली की मूर्ती वाया. तुजा हात लय घाईचा हाय." आई मधे पडली, "आवं, शिकंल की पोर." तुम्ही म्हणालात, "शिकंल तवा बगू." ते 'तवा' काही आलं नाही आण्णा. माझ्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तुम्ही गेलात.

रविवारी मात्र हात असा चालला म्हणता! झग्याच्या घड्या, चिलखताची चकाकी, दाढीची पांढरी छटा. मागे उभी असलेली माणसं मोबाईलमध्ये फोटो काढत होती. वेळ संपायच्या बऱ्याच आधी माझं झालं. मी बाहुला डावीकडे सरकवला, हात पुसले आणि निवांत बसले.

डावीकडे मेढ्याहून आलेला एक तरुण बसला होता. थोड्या वेळानं त्यानं मान वर केली. "काकू, तुमचा बाहुला माज्याकडं का सरकावलाय? डोळं ऱ्हायल्यात की वो! घ्या, घ्या लवकर!"

मी घेतला. तुमचा ब्रश उचलला, काळ्या रंगात बुडवला, श्वासही धरला. पण टोक काही टेकेना. जन्मात कधी डोळा काढलेला नाही, तो कसा टेकणार? घंटा झाली. परीक्षक बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, बाकी काम लय भारी हाय. पण डोळंच न्हाईत, आमी तरी काय करणार?"

तुमचा राग आला मला आण्णा. अजून आहे. तो ब्रश म्हणजे नुसती भेट होती, की "आता तू काढ" असं सांगणं होतं? एवढं बोलला असता तर जीभ झिजली असती का? घरी येऊन जुन्या पेपरावर डोळे काढून पाहिले. एक सांगलीकडे बघतो, एक साताऱ्याकडे. या वयात आता काय शिकणार, आणि कुणाकडून? लेकीला नुसतं सांगितलं की नंबर आला नाही. उद्यापासून एका खाणावळीत चपात्या लाटायला जायचंय. तिथे घाईचाच हात लागतो.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? शेडाच्या जागी आता दुकानाचे गाळे झालेत. डब्यात ब्रशाशेजारीच ठेवते. एक तेवढं कुणाला सांगितलेलं नाही. बाहुला सरकवला तेव्हा मी विसरले नव्हते की तुम्ही नाही आहात. तरी क्षणभर वाटलं, पलीकडून तुम्ही ओढून घेतलात. म्हणून मी हात सोडला.