दारातून परतलेली मुलगी

पद्मावतीबाईंना नमस्कार.

तुमच्याकडे आरोग्यसेविकेचं काम शिकणारी सुलक्षा घरोघरी आजारी माणसं तपासत डिचोलीला माझ्या शेवंतीच्या सासरी गेली होती. जावई नुकता वारलेला, शेवंती आतल्या खोलीत तापाने फणफणलेली. सासरा म्हणाला, "आमच्यात विधवा तेराव्यापर्यंत कोणाला भेटत नाही गो बाय." लोकांच्या रीतीचा मान राखा, ही तुमची शिकवण. सुलक्षा दारातूनच परतली. शेवंती तेराव्याआधीच गेली.

अशी रीत आमच्या समाजात कुठेच नाही, सासऱ्याने ती खोटी सांगितली. मी विधवा झाले तेव्हा सासूनेच मला डॉक्टरकडे नेलं होतं.

"काकी, मला वाटलं मी मान राखला," म्हणत सुलक्षा माझ्याकडे रडली. तुम्ही तिला काढून टाकाल, म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. आता ती प्रत्येक घरात आधी आतल्या बाईशी बोलते. तेवढं कळायला माझी मुलगी जावी लागली.

शेवंतीची आई,
हळर्ण