आटलेल्या कोटाबद्दल मेहुण्यास

सोलापूर, रविवार

मंद्रूप मुक्कामी असलेले आमचे एकुलते एक मेहुणे सिद्रामप्पा यांना वीरभद्रप्पाचे शरणु शरणार्थ. तुमचा गुडघा आता कसा आहे? तेल लावता ना? जनावरं, शेत, सूनबाई सगळं ठीक असेल असं धरून चालतो. आमच्याकडे सगळे बरे आहेत. मी बरा नाही. मला राग आला आहे आणि तो बराचसा तुमच्यावर आहे. तुम्ही वयाने लहान, पण बायकोचे भाऊ, म्हणून मानाने लिहितो आहे. मान संपला की कळेलच.

पंधरा दिवसांपूर्वी तुमचा फोन आला. नातीचं, म्हणजे पायलचं लग्न ठरलं, मंडप दारातच घालणार, हे सगळं सांगून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "दाजी, शिवराजच्या लग्नात शिवलेला कोट घालूनच या. तसाच फोटो काढू." आणि माझं उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवलात. (ही तुमची जुनी खोड आहे. तुमच्या वडिलांचीही होती, फक्त तेव्हा फोन नव्हते.) अहो, शिवराज तुमचा मुलगा आणि पायल त्याची मुलगी. म्हणजे ज्या लग्नात कोट शिवला, त्या लग्नाची पोर आता स्वतः बोहल्यावर चढायला निघाली. एवढ्या काळात कोटाचं काय झालं असेल, याचा विचार फोन ठेवण्याआधी करायला नको होता का?

कपाटातून कोट काढला. काळा, बंद गळ्याचा, सोनेरी बटणांचा, डांबरगोळ्यांच्या वासाचा, तुम्ही एकाच कापडातून आपल्या दोघांना शिवून घेतलेल्या जोडीतला. हात बाह्यांत गेले. पुढे मात्र बटणं एका बाजूला आणि काजं दुसऱ्या बाजूला, वाटणी झालेल्या भावकीसारखी तोंडं फिरवून उभी. आता मी शाळेत चौथीपर्यंतच गेलो हे खरं, पण हयात चादरीच्या कारखान्यात काढली. कापड मला कळतं. कापड आटतं. त्यातून आमचं घर पत्र्याचं आणि सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. कोट आटला, बाकी काही नाही. हे मी तुमच्या बहिणीला शांतपणे समजावलं, तर वच्छला म्हणाली, "कोट न्हाय आटला, तुमीच फुगलाय की!" (मी फुगलो असतो तर चपलाही घट्ट झाल्या असत्या. त्या बरोबर होतात. हे ऐकून ती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली.)

शिवाय मुळात तुमचंच चुकलं आहे. तुमच्या टेलरने माझं माप घेतलं तेव्हा मी टायफॉइडमधून नुकताच उठलो होतो. ते माप माझं नव्हतंच, तापाचं होतं. मी तेव्हाच म्हणालो होतो, थोडं सैल ठेवा. तुम्ही म्हणालात, "दाजी, तुमी कवा जाड व्हणार!" आता इथल्या टेलरने शिवण उसवून पाहिली, तर आत जादा कापड सोडलेलंच नाही. पाव बोटाचंसुद्धा नाही. जावयाच्या कोटात कापड वाचवलंत तुम्ही, सिद्रामप्पा!

मग मी कारखान्यातला उपाय केला. चादर धुतल्यावर आटली, तर ती ओली असतानाच दोघांनी दोन्हीकडून धरून ओढायची, म्हणजे मापात येते. तसा कोट बादलीत भिजवला, एक बाही खिडकीच्या गजाला बांधली, दुसरी मी धरली आणि भिंतीला पाय लावून ओढली. वच्छलाला पाठीचं कापड ओढायला सांगितलं होतं, पण ती ऐन वेळी कुकर बघायला गेली. चादर चारी बाजूंनी सारखी असते, कोट तसा नसतो, हे मला ओढल्यावर कळलं. गजाकडची बाही बोटं झाकण्याइतकी लांबली, अस्तर टरकलं, मी पाठीवर पडलो आणि छाती होती तेवढीच राहिली. (कोटाची. माझी धडधडत होती. बीपीची गोळी घ्यावी लागली. तुम्हाला काय त्याचं!)

त्यानंतर मी रात्रीचं जेवण सोडलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तेवढी खात होतो, पण ते काही जेवण नव्हे. तरी पोट जागचं हललं नाही. उलट मला काळजी लागली, की वाळत नाही म्हणजे आत काही रोग तर नसेल!

आता घरात ज्याला त्याला या कोटाचं काय करायचं ते माहीत आहे. वच्छला म्हणते, भांडेवालीला देऊन एखादं पातेलं घेऊ. मुलगा बसवराज म्हणतो, कुणाला तरी देऊन टाका, आणि पुन्हा मोबाईल बघतो. सून वैजयंती तर म्हणाली, मामंजी, याचं मिक्सरला छान कव्हर होईल, बटणंही आहेतच. ज्या कोटात मी तुमच्या शेजारी मांडीला मांडी लावून फोटोत बसलो, तो मिक्सरला! या सगळ्यावर कळस म्हणजे आमच्या गल्लीतला गुंडा नावाचा बँडवाला. तो दारातून डोकावून म्हणाला, "आण्णा, आमच्या झांजवाल्याला फिट्ट बसतोय बगा." मी त्याला झाडू दाखवला.

तुम्हाला वाटेल, म्हातारा एका कोटासाठी एवढा का तापला. सिद्रामप्पा, तो आहेर आहे. मी तो न घालता आलो तर तुमची भावकी म्हणेल, दाजीनं मेहुण्याचा आहेर विकून खाल्ला, किंवा भांड्यांवर दिला. घालून आलो तर म्हणेल, दाजी दुसऱ्याचा कोट मागून आला. पहिल्या रांगेतली माझी जागा तुमचे व्याही घेतील आणि मला मागे, उंच पोरांच्या आडोशाला उभं करतील. तो जुना फोटो आमच्या टीव्हीच्या वर आहे. त्याच्याकडे बघत मागच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा मी लग्नाला येतच नाही. वच्छला येईल. पायलला आमचा आशीर्वाद सांगा. यापुढे मला फोन करू नका, केलात तर निदान उत्तर ऐकून ठेवा.

कळावे. गुडघ्याला जपा.

आपला (अजूनही) दाजी,
वीरभद्रप्पा

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता पायलचा फोन आला. मी येत नाही हे वच्छलाने तिला आधीच सांगून टाकलं होतं. रडत होती. सोलापूरचे आजोबा नसतील तर फोटोच काढायचा नाही म्हणाली. तेव्हा मी येतो. तुमच्यासाठी नाही.

ता. क. २. रडणं थांबल्यावर ती आणखी एक बोलून गेली. तुमचा कोट तुम्हाला दोघांनी मिळून घातला, आणि काढायला तिघं लागले म्हणे. मला फोनवर हे का नाही सांगितलंत? मी इकडे भाकरी मोजून खातोय!

ता. क. ३. म्हणून खरं लिहायचं ते असं. यंदा मला कोटाचं कापड नको. धोतर आणि फेटा द्या. धोतर आटलं तरी कळत नाही. तुम्हीही तेच नेसा, पण माझ्या आधी नेसून अंगणात या, म्हणजे मी तुमचं मन राखायला नेसलो असं मला चारचौघांत सांगता येईल.

ता. क. ४. कोट मी शेवटी गुंडाला दिला. त्याला पायलच्याच लग्नात वाजवायची सुपारी आहे, हे त्याने कोट काखेत मारल्यावर सांगितलं. तेव्हा नवरदेवापुढे जो झांजवाला एक बाही दुमडून चालत असेल, त्याच्याकडे बोट दाखवू नका. आणि तुमचा कोट चुकूनसुद्धा घालू नका. घातलात, तर तुमचे व्याही तुम्हाला झांजा आणून देतील.